विश्रांतीवर ठेवलेली डिस्क

आमच्याकडे मरणाची बातमी कोणी सरळ देत नाही. फोन येतो आणि पलीकडचा माणूस एवढंच म्हणतो, "अक्का, निघा तुम्ही." काय झालं म्हणून विचारलं, तर "तब्येत जरा जास्त आहे" म्हणतो आणि फोन ठेवून देतो. आदल्या संध्याकाळीच मी जळगावहून धुळ्याला घरी आले होते, दोन धुतलेली पातळं घ्यायला आणि एक झोप काढायला. नातेवाइकांनीच आग्रह केला होता, आम्ही आहोत ना दवाखान्यात, तुम्ही जाऊन या. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि पारसचा फोन आला. पारस म्हणजे माझ्या भावाचा मित्र, जळगावात त्याचं संगणकांचं दुकान आहे. "अक्का, निघा तुम्ही." मी आधण उतरवलं, गॅस बंद केला, कुलूप लावलं आणि स्टँडवर जाऊन मिळाली त्या बसमध्ये बसले. पारोळ्यापर्यंत मला पारसचा राग येत होता, बाबा रे, सरळ सांगायला काय जातं तुझं. एरंडोल मागे पडलं तेव्हा राग गेला. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर कढीपत्त्याची जुडी घेऊन बसली होती. तिने विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, भावाकडे.

दिनेश माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता, म्हणून मी त्याला शिंदखेड्याकडच्या आमच्या गावातून धुळ्याला माझ्याकडे आणला. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरातलं पोर आयतंच सापडलं, मग काय, संध्याकाळी हातपाय धुतले की पाढे. दिनूला सगळे पाढे यायचे, सतराचा मात्र मध्ये कुठेतरी अडायचा. अडला की मी म्हणायची, सांग. सांग लवकर. अरे, कालच तर म्हटलास, सांग. मी जितकं "सांग" म्हणायची तितकं त्याचं तोंड बंद व्हायचं, आणि थोड्या वेळाने त्याला येत होते ते पाढेसुद्धा जायचे. मग तो नुसता माझ्याकडे बघत बसायचा. एकदा मी कंटाळून स्वयंपाकाला उठले, तर हा मागे ओसरीत बसून अडलेलं सोडून पुढचं सगळं म्हणून गेला आणि शेवटी मागे येऊन तेवढं एक अचूक जोडून टाकलं. मी पोळपाटावरून म्हटलं, मघाशी काय दातखीळ बसली होती का? तो म्हणाला, "तू विचारत होतीस ना, म्हणून येत नव्हतं." आगाऊ होता लहानपणापासून.

पुढे शिकला, पुण्याला एका कंपनीत लागला, सगळं रीतसर झालं. आणि एक दिवस नोकरी सोडून जळगावला आला. लग्न केलं नव्हतंच. पारसच्या दुकानावरची खोली घेतली आणि बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचं अडकलेलं सामान काढून द्यायला लागला. फोटो स्टुडिओवाले यायचे, दवाखानेवाले यायचे, केळीचे व्यापारी यायचे. मी चिडले होते. एवढं शिकून जळगावच्या उन्हात पत्र्याखाली बसून लोकांची भंगारं उघडतोस, मी म्हटलं. तो हसला. त्याचं खरं काम ते नव्हतंच, पण हे मला कळायला बरीच वर्षं गेली आणि तेही त्याने शाळेतल्या पोराला सांगावं तसं मला बसवून सांगितलं तेव्हा.

"अक्का, डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. तिच्यावरून एक बारीक पातं फिरतं आणि लिहिलेलं वाचतं. कधी तबकडीवरची एखादी जागा खराब होते, तिथलं वाचता येत नाही. इथपर्यंत ठीक. आता संगणकाच्या सिस्टीममध्ये, अगदी गाभ्यात, डिस्कशी बोलायचं काम ज्याच्याकडे असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो तुझ्यासारखा असतो."

"माझ्यासारखा म्हणजे?"

"उत्तर आलं नाही की तोच प्रश्न परत. परत नाही आलं, परत तोच. मग वैतागून डिस्कला गदागदा हलवून उठवतो, आणि उठली की पुन्हा तोच प्रश्न. मागे चांगल्या जागांची रांग खोळंबलेली, त्यांना कोणी विचारत नाही. आणि ती बिचारी आधीच आजारी, त्या एका जागेपायी दमून दमून मरते. चांगलं होतं तेही तिच्याबरोबर जातं."

मी म्हटलं, मग तू काय करतोस? तर त्याने त्या ड्रायव्हरला नवी रीत शिकवायला घेतली होती. एकदा विचारायचं. नाही आलं तर नाही आलं म्हणून लगेच कळवायचं, जागा लक्षात ठेवायची आणि पुढे जायचं. जे येतंय ते सगळं आधी सुखरूप बाहेर काढायचं. मग डिस्क बंद करून थंड होऊ द्यायची, आणि राहिलेल्या जागांकडे सावकाश, थोडं थोडं करत परत यायचं. अशा थंड व्हायला ठेवलेल्या डिस्कवर तो पांढरी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहायचा, विश्रांती. खोलीतल्या लोखंडी मांडणीवर अशा विश्रांतीवाल्या डिस्का ओळीने असायच्या. त्यांना कोणी हात लावलेला त्याला चालायचा नाही. झाडायलासुद्धा नाही, सगळी धूळ तशीच. एखादी पुन्हा सुरू करायची वेळ आली की आधी तिला कान लावून बसायचा, डोळे मिटून. मी म्हणायची, डॉक्टर झालास तर खरा, पण कुणाचा.

त्याला चिडलेला मी एकदाच पाहिला. फैजपूरचा एक माणूस आला होता, वारलेल्या बायकोचे सगळे फोटो डिस्कमध्ये अडकलेले. डिस्क लागत नाही म्हटल्यावर त्याने आठवडाभर ती घरी लावून काढून, लावून काढून पाहिली होती, शेजाऱ्याच्या संगणकाला, मेव्हण्याच्या संगणकाला. दिनूने कान लावला आणि डिस्क खाली ठेवली. "पहिल्या दिवशी आणली असती तर निम्म्याहून जास्त दिले असते तुम्हाला. आता आत काही राहिलं नाही. कशाला विचारत राहिलात तिला?" त्याचा आवाज चढला होता. तो माणूस म्हणाला, "भाऊ, मला वाटलं, एखाद्या वेळी लागेल." मग दिनूने त्याला खाली पारसकडे नेऊन चहा पाजला, आणि त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही.

ही सिस्टीम जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि सगळ्यांना वापरायला देतात, असं त्याने मला सांगितलं होतं. बदल सुचवायचा तर तो ईमेलवर सगळ्यांसमोर मांडायचा. तिथे त्या त्या भागाची जबाबदारी असलेला एकेक माणूस असतो, त्याला पटलं तरच बदल आत जातो, आणि एकदा आत गेला की दुनियेतल्या यंत्रांमध्ये पोचतो. दिनूने आपला बदल मांडला. उलट टपाली त्या भागाच्या परदेशी माणसाने काढलेल्या चुका आल्या. त्याने सुधारून पाठवला, परत चुका आल्या. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर त्याचे केस पांढरे झाले. त्या माणसाचं म्हणणं वाकडं नव्हतं. काही डिस्का दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर देतात, तुम्ही आधीच सोडून दिलंत तर लोकांचं मिळणारं जाईल. दिनू हे मान्य करायचा. म्हणून तर तो त्या आजारी डिस्का गोळा करून एकेकीवर तपासत होता, कुठली विचारल्यावर बोलते आणि कुठली विचारल्याने मरते. शेवटी त्या माणसाने एकच प्रश्न लिहिला. बाकी सगळं पटलं, पण विचारणं थांबवायचं कधी, हे ड्रायव्हरने ओळखायचं कसं? दिनूने मला फोन केला. इतका खुशीत तो मी कधी ऐकला नव्हता. "अक्का, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी बरोबर प्रश्न विचारला. आणि मला उत्तर सापडलंय. रविवारी ये, तुला आधी सांगतो. तुला कळलं तर जगाला कळेल." मी म्हटलं, मेल्या, बहिणीला ढ म्हणतोस. रविवार यायच्या आतच पारसला तो खोलीत पडलेला सापडला.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात गेला, वाचा गेली. डोळे मात्र जागे होते आणि माणसं ओळखत होते, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक तरुण बाई यायच्या. त्यांनी मला बाहेर बोलावून समजावलं. "शब्द गेलेले नाहीत, वाट अडली आहे. एका वेळी एकच विचारा. उत्तर नाही आलं तर सोडून द्या, दुसरं काही बोला, त्यांना पडू द्या, मग नंतर परत या. पुन्हा पुन्हा तेच विचारलंत तर ते थकतील, आणि येणारे शब्दही यायचे थांबतील." मी त्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं म्हातारीला समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. मी आत जाऊन दिनूला म्हटलं, "तुझाच कार्यक्रम चालू केलाय रे त्यांनी तुझ्यावर." त्याच्या तोंडाची एक बाजू हलली. हसला तो, मला माहीत आहे.

आणि गुण येत होता. मी काही न विचारता बसून राहायची, वाती वळायची, धुळ्यातल्या गल्लीतल्या गमती सांगायची. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तो "पाणी" म्हणाला. मग "अक्का". मग डावा हात उचलून खिडकीकडे, म्हणजे त्याची खोली होती त्या बाजूला दाखवून म्हणाला, "थांब... थांबा..." पुढचं येईना. तोंड उघडं, डोळे माझ्यावर रोखलेले. त्या एका शब्दाच्या मागे काहीतरी मोठं उभं होतं, ते मला समोर दिसत होतं. त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर असेल, नाहीतर खोलीतला पंखा बंद करा असं असेल. मी म्हटलं, राहू दे, उद्या सांग. आणि त्याला गूळपाण्याचा चमचा दिला.

उद्या रविवार होता. आमच्या खानदेशात माणूस दवाखान्यात असला आणि तुम्ही भेटायला गेला नाहीत, तर ते वैर. आणि भेटायला जाणं म्हणजे नुसतं जाणं नाही, आजाऱ्याने तुम्हाला ओळखलं पाहिजे. ओळखलं, नाव घेतलं, की त्या माणसाचा जीव भरतो, गावी जाऊन तो सांगतो, मला पाहिलं आणि बरोबर ओळखलं त्याने. गावाहून जीप भरून आली. सगळ्यात पुढे नाना, आमचे चुलते, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. दिनूला खांद्यावर घेऊन पोळ्याला बैल दाखवायचे ते नाना. त्यांनी त्याचा हात धरला आणि विचारलं, "दिनू, माले वयखं का?" ओळखलंस का मला. दिनूने मान हलवली. तेवढ्याने नानांचं कसं भागावं. "मी कोन शे? सांग बरं. नाव ले मन्हं." माझं नाव घे. दिनूचे ओठ हलले, ना... ना... आणि अडलं. "सांग ना भो. सांग." नानांनी त्याचा खांदा हलवला. मी म्हटलं, नाना, डॉक्टरांनी नको सांगितलंय. नाना म्हणाले, "बठ्ठा उनात ना त्याले देखाले." सगळे आलेत ना त्याला बघायला. मग काकू, मग मोठे भाऊ, मग त्यांच्या सुना, एकेक जण पुढे होऊन तेच. मला ओळखलं का? मी कोण? सांग बरं. कोणी रडत, कोणी हसत, सगळे मायेने. एकाचंही मन वाईट नव्हतं. मी दोन वेळा बोलले, तिसऱ्यांदा बोलले तेव्हा मोठ्या भावजय म्हणाल्या, अक्का, तू एकटीच त्याची आहेस का? दिवसभर दाराशी माणसं होती. इतक्या लांबून आलेल्या म्हाताऱ्या चुलत्याला दारातून परत कसं पाठवायचं, हे मला आजही माहीत नाही. शाळेत मी पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प करायची. तिथे मी हात टेकले.

संध्याकाळी जीप गेली, दोघेतिघे मागे थांबले. दिनूने भिंतीकडे तोंड केलं होतं. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी "पाणी"ही आलं नाही, "अक्का"ही आलं नाही. त्या बाई येऊन बसल्या, गेल्या. मग मी धुळ्याला आले आणि सकाळी पारसचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका यायचा तो येणारच होता, भेटायला येणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. खरं असेल. मी भांडले नाही. पण त्याच्याजवळ थोडे शब्द परत आले होते, मोजकेच, आणि ते त्याच्याकडून "मी कोण, मी कोण" यात काढून घेतले गेले. ज्यांना त्याने ओळखलंच होतं, त्यांनी.

पारसने त्या परदेशातल्या माणसाला कळवलं. फार चांगलं उत्तर आलं, पारसने मला मराठीत करून सांगितलं. फार दुःख झालं, फार मोलाचं काम होतं, आता कोणीतरी ते पुढे न्यायला हवं. कोणी नेलेलं नाही. पारस अधूनमधून बघतो. तो प्रश्न तिथे सगळ्यांना दिसेल असा उभा आहे, त्याच्याखाली काही नाही. पारसने दिनूचा संगणक उघडून सगळं पाहिलं, जुनं सगळं नीट आहे, उत्तर कुठे नाही. ते अजून त्याच्या डोक्यातच होतं. म्हणजे आजसुद्धा जगातली यंत्रं आपल्या आजारी डिस्कांना तसंच विचारत असतील, परत परत, आणि त्या तशाच मरत असतील. दिनूची इतकी वर्षं कुठे गेली म्हणाल, तर मला दाखवता येत नाही.

खोली मी अजून सोडलेली नाही. लोकांच्या डिस्का पारसने ज्याच्या त्याला परत केल्या. मांडणीवर एकच उरली आहे. धुळ्याचा एक फोटोवाला, माझा जुना विद्यार्थी, त्याची ती डिस्क खाली पडून बिघडली होती. त्याचं बाकीचं सगळं दिनूने काढून दिलं, एक जागा तेवढी राहिली. तिथे माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. दिनू चार माणसांत कधी बोलायचा नाही, त्या दिवशी मात्र उठला आणि सतराच्या पाढ्याची गोष्ट सांगितली, माझी नक्कल करून. "सांग लवकर, सांग." सगळं सभागृह हसत होतं, मी पदराने डोळे पुसत होते. त्याचा आवाज दुसरा कुठेच नाही. फोनवर त्याने कधी काही भरून ठेवलं नाही. विद्यार्थी म्हणाला, बाई, डिस्क तुम्हीच ठेवा. तिच्यावर पट्टी आहे, विश्रांती, दिनूच्या अक्षरात.

महिना झाल्यावर सगळे खोलीवर आले. डिस्कमध्ये काय आहे ते त्यांना कुठून तरी कळलं होतं. मोठे भाऊ म्हणाले, पारस खालीच आहे, लावून पाहू ना. एखाद्या वेळी लागेल. भावजय म्हणाल्या, एकदाच. पारस माझ्याकडे बघत होता, त्याला माहीत होतं. दिनूच्या रीतीने विचारायचं तर ते करणारा दिनूच लागतो, आणि नाशिकचा असो की पुण्याचा, दुसरा कोणी डिस्कवाला आतलं सुखरूप निघेल अशी खात्री देत नाही. मी दारात उभी राहिले. दवाखान्यात उभं राहता आलं नाही तशी राहिले, आणि म्हटलं, कोणी हात लावायचा नाही. मग नाना खाटेवरून उठले. त्या रविवारनंतर ते फार खचलेत, दिनूने आपलं नाव घेतलं नाही हे त्यांच्या मनातून जात नाही. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. ऐंशीच्या पुढचा माणूस. "एकडाव लाव ना माय. त्याना आवाज ऐकू दे."

मलाही ऐकायचा होता. त्या सगळ्यांपेक्षा मला जास्त ऐकायचा होता. मी डिस्क मांडणीवरून उचलली आणि नानांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरली, पट्टीवरचं वाचलं, आणि दिनू करायचा तशी कानाला लावली. बंद डिस्क काही बोलत नाही.

"थकेल शे तो, नाना," मी म्हटलं. थकलाय तो. "पडू द्या त्याले."

त्यांनी मान हलवली. मी डिस्क घेऊन परत तिच्या जागी ठेवली. तिच्यावरची धूळ मी पुसत नाही.